पळसाच्या पानाची पावती

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. पळसाचे पान दिसले तरी पुरे, आणि आमच्या भागात पळस कुठे नाही?

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावाला चौक एकच. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथून पायी चालणेही मुश्कील व्हायचे. म्हणून नगरपंचायतीने चौकाशेजारी सशुल्क वाहनतळ सुरू केले आणि ठेका देऊन टाकला. दुसरीकडे गाडी लावलेली दिसली की उचलायची, हे काम आमच्या गळ्यात आले. गाड्या उचलायला खास वाहन कुठले? नगरपंचायतीची कचऱ्याची ट्रॉली होती, तीच आम्ही वापरायचो.

तरी जंगलातल्या गावांचे लोक त्या तळावर जात नसत. बाजाराच्या टोकाला एक मोठी चिंच होती, तिच्याखाली ते गाड्या लावत. तिथे एक म्हातारा बसायचा. गाडी आली की तो पळसाचे पान हाताने आडवे फाडायचा. अर्धे ब्रेकच्या दांड्यात खोचायचा, अर्धे मालकाला द्यायचा. परत जाताना मालकाने आपले अर्धे दाखवायचे. फाटलेल्या कडा जुळल्या तरच गाडी मिळायची. ठरलेला दर नव्हता. कोणी मूठभर चारोळी द्यायचे, कोणी तंबाखू. हे सगळे मला नंतर नीट समजले. तेव्हा माझ्या लेखी तो विनापरवाना धंदा होता.

त्या सुमारास सशुल्क तळावरून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या आणि वरून विचारणा सुरू होती. अशात एका बाजाराच्या सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. चिंचेखालचा म्हातारा चोरांना सामील आहे, आज झाडाखाली चोरीच्या गाड्या आहेत, असे फोन करणारा म्हणाला. ठाणे अंमलदाराने शिरस्त्याप्रमाणे नंबरासह स्टेशन डायरीत नोंद घेतली. मला तपासाचे धागेदोरे हवेच होते. तासाभरात झाडाखालच्या सगळ्या गाड्या ट्रॉलीत घालून ठाण्यात आणल्या, म्हाताऱ्यालाही आणले. गाड्या उतरवताना शिपायांनी ब्रेकमधली पाने कचरा म्हणून काढून फेकली. मी समोरच उभा होतो.

"पावती पुस्तक कुठे आहे तुझे?" मी विचारले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण ठाण्यात आलेल्याला मी अरे-तुरेच करायचो.

त्याने खिशातून पाने काढून टेबलावर ठेवली. "हेच हाय जी."

"ही पावती? वेडा समजतोस मला?"

"आमच्याकडं मोहाच्या ढिगावर डहाळी ठेवली का कोनी हात लावत नाई, साहेब. तसंच हाय हे. आन एक सांगतो, एक मानूस तीन बाजारापासून झाडाखाली फिरून राह्यला. गाड्यांचे नंबर लिहून नेते तो."

स्वतःवरचा संशय दुसऱ्यावर ढकलणारे शेकडो पाहिले होते. हाही त्यातलाच, असे मी मनात ठरवून टाकले. त्याचे म्हणणे जबाबात उतरवून घेतले आणि त्याला बाकावर बसवून ठेवले.

दुपारी मालक येऊ लागले. प्रत्येकाच्या हातात अर्धे पान. मी सांगितले, कागद आणा, दंड भरा, गाडी न्या. कोणाचे कागद घरी पेटीत, कोणाचे गाव चार नाले ओलांडून. वाद न घालता ते आल्या पावली परत गेले. तेवढ्यात इस्त्रीचे कपडे घातलेला एक तरुण आला. लाल स्कूटी बहिणीची आहे म्हणाला. कागदांची झेरॉक्स त्याने फाइलमध्ये लावून आणली होती. कागदावरचा नंबर पाटीशी जुळला. चेसिस नंबर ताडून पाहायला हवा होता. पण बोलणे सफाईदार, दंड भरायला एका पायावर तयार, मग कशाला पाहतो? अशा माणसांवर आम्ही पोलीस फार लवकर विश्वास ठेवतो. गाडी ताब्यात दिल्याचा सुपुर्दनामा लिहिला गेला. त्यावरचा मोबाइल नंबर हवालदाराने लगेच लावून खरा असल्याची खात्री केली.

म्हातारा बाकावरून उठला. "साहेब, ते गाडी त्याची नोहोय. आशाताईची हाय. त्याच्यापाशी पान नाई. अन् नंबर लिहिणारा मानूस तोच हाय जी."

"तुला कोणी विचारले? बस खाली."

तो बसला. मी सही केली आणि स्कूटी फाटकाबाहेर गेली.

पाऊण तासाने आशाताई धावत आली. जंगलातल्या पाच पाड्यांची ती आरोग्य सेविका. बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर त्याच स्कूटीवर. तिने मुठीतले अर्धे पान पुढे केले. जुळवायला दुसरे अर्धे नव्हते, ते आमच्या झाडूने केव्हाच बाहेर गेले होते. मी काही बोलण्याआधी म्हातारा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, गाडी माह्यापाशी ठेवली होती तुमी. माही चूक हाय."

चूक त्याची नव्हती, माझी होती. हे मला त्या क्षणी कळले होते, आणि सगळ्या ठाण्यासमोर मी गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळी सुपुर्दनाम्यावरचा मोबाइल नंबर मी डायरीतल्या नोंदीशी ताडून पाहिला. सकाळचा निनावी फोन त्याच नंबरावरून आला होता. गाड्या म्हाताऱ्याच्या ताब्यात असताना पानाशिवाय हलणार नाहीत हे त्या चोराने हेरले होते. म्हणून त्याने त्या आमच्या ताब्यात आणवल्या, कारण आमच्याकडे लिहून नेलेल्या नंबरावर बनवलेली खोटी झेरॉक्सही चालते. नंबरावरून माग काढत महिन्याभराने तो नदीपलीकडे तेलंगणात सापडला. आधीच्या दोन चोऱ्याही त्याने कबूल केल्या. स्कूटी मिळाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तो महिनाभर आशाताई पाच पाडे पायी फिरत होती.

चिंचेखाली म्हातारा पुन्हा दिसला नाही. मी त्याच्या गावी गेलो. त्याने खाट टाकली, काळा चहा दिला.

"बाबा, चूक माझी होती," मी म्हणालो. "आता तुम्हाला कोणी अडवणार नाही. येऊन बसा."

"गाडी भेटली ना बाईले? बस झालं," तो म्हणाला. "पन मी नाई येत जी. पान देल्यावर गाडी गेली. आता कोन्या तोंडानं पान फाडू?"

मी बरेच समजावले. तो ऐकून घेत राहिला आणि चहा आणखी हवा का, एवढेच त्याने विचारले.

पुरावा म्हणजे सही-शिक्क्याचा कागद, असे मी नोकरीभर मानले. पहारा करणाऱ्याचा शब्दही पुरावा असतो, हे शिकायला मला तो म्हातारा गमवावा लागला.

निवृत्तीनंतर परवा त्या गावी गेलो होतो. चिंच रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. गाडी तळावर लावली, शुल्क भरले, छापील पावती घेतली. चष्मा लावून वाचली. खाली बारीक अक्षरांत होते, "वाहन चोरीस गेल्यास आम्ही जबाबदार नाही."