भोकरदनचा गोलकीपर

जुन्या जालन्यात माझे एक टेलर मास्तर आहेत. फुटबॉलची मॅच जवळ आली की त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकू नयेत, हे मला कळतं, तरी मी टाकतो. यंदा रविवारी आमच्या जालन्याच्या टीमची भोकरदनशी लीगची मॅच होती. शुक्रवारी पँट न्यायला गेलो, तर अर्धवट शिवलेल्या पँटीवर खडूनं बाण काढलेले.

"सर, त्यांचा लेफ्ट बॅक ढिला हाय. आपण इथून घुसायचं, बराबर?"

"मास्तर, उद्या पुतण्याचा साखरपुडा आहे!"

"करून राह्यलो ना!"

तेवढ्यात भोकरदनचाच गोलकीपर दुकानात आला. त्याची जर्सी खांद्यावर फाटली होती. मास्तरांनी माझी पँट मशीनवरून काढली आणि जर्सी शिवायला घेतली.

मी चिडलो. "अहो, हा आपल्याविरुद्ध खेळणार आहे!"

"मंग? फाटक्या जर्सीवाल्याला हरवण्यात काय मजा, सर?"

साखरपुड्याला मी जुनीच पँट घालून गेलो.

रविवारी त्या गोलकीपरनं आमचे तीन गोल अडवले आणि आम्ही हरलो. मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. मी काही बोलणार, इतक्यात त्यांनीच माझा हात धरला.

"पण सर, त्यानं झेप घेतली तव्हा खांदा पाह्यला का? एक टाका उसवला न्हाई."