बंपरमधली बाई

आमच्या सासूबाई कोणाच्या बापाला घाबरायच्या नाहीत. इस्पितळाच्या धोबीखान्यात उभा जन्म काढला त्यांनी. मोठमोठ्या डॉक्टरांनाही सुनवायच्या, "खिशात पेन ठेवून कोट टाकलात ना, की पुढच्या वेळी निळाच घालून फिरा." मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना चांगलीच टरकून होते. मी काही गरीब गाय नाही, माझंही तोंड चालतं. पण आईंपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

सासरे गेले आणि मागे त्यांची जुनी गाडी राहिली. आताच्या गाड्यांसारखं प्लॅस्टिक नव्हे. पुढे-मागे क्रोमचे बंपर, चाकांवर क्रोमच्या टोप्या, खिडक्यांभोवती क्रोमची पट्टी, आणि आत डॅशबोर्डवरसुद्धा एक लांबलचक पट्टी. सुट्टीच्या सकाळी आई जुना बनियन घेऊन तिच्यापुढे बसायच्या. तोंडानं 'हाऽ' करून क्रोमवर वाफ सोडायची आणि घासायचं, पुन्हा 'हाऽ', पुन्हा घासायचं. शेवटी बंपरात बघून केस सारखे करायच्या आणि म्हणायच्या, "चला, दोघीही बऱ्या दिसतोय."

माझा नवरा गाड्या रंगवतो. गल्लीत त्याला फिनिशशेठ म्हणतात, कारण बोलता बोलता दर वाक्याला "फिनिश बघा, फिनिश!" हल्ली क्रोम काळं करून घ्यायची टूम निघालीय. असलं काम घेऊन कोणी आलं की हा त्याला गॅरेजच्या दारातूनच वाटेला लावायचा. "आरशाला कोणी डांबर फासतं का रे?" म्हणायचा.

मग आईंना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, मग आमची. आणि एक दिवस त्या न्हाणीघरातून धावतच बाहेर आल्या. "आत कोण म्हातारी उभी आहे? तिला जायला सांग!"

आत कोण असणार? आरसा होता.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, आरसे झाकून टाका. झाकले. कपाटावर चादर टाकली, स्टीलची ताटं माळ्यावर गेली. सकाळी चादरीचा कोपरा उचलून मी चोरासारखी भांग पाडायची. आधी माझं मलाच हसू यायचं. पुढे पुढे कोपरा उचलायच्या आधी मीच डोळे मिटून घ्यायला लागले. आत भलतंच कोणी दिसलं तर? हसू नका, घरात एक माणूस सतत घाबरलेलं असलं की ती भीती सगळ्यांना लागते.

घरात त्यांना चैन म्हणून नव्हती. दिवसभर येरझारा, दाराची कडी खडखडवणं, ताटाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. गाडीत बसवलं की मात्र शांत. आतला आरसा वळवून ठेवायचो, त्यांना बाहेरच्या बाहेर गाडीच्या मागच्या दारानं बसवायचो, बंपरसमोर जाऊ द्यायचो नाही. गाडीत त्या चार घास खायच्या. तेवढंच काय ते त्यांच्या पोटात जायचं.

एकदा हट्टानं पुढे बसल्या. भर रस्त्यात, गाडी वेगात असताना ऊन डॅशबोर्डवरच्या पट्टीवर आलं आणि त्या किंचाळल्या, "ती विचारतेय! ती परत विचारतेय!" आणि दार उघडलंच की त्यांनी! मी मागून त्यांच्या स्वेटरचा गळा धरला म्हणून वाचल्या. शेजारून गेलेल्या ट्रकचा वारा अजून माझ्या कानात आहे.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सरळ सांगितलं, "गाडी बंद केली तर त्या उपाशी मरतील. चालू ठेवली तर चाकाखाली जातील. आता क्रोम काळं कर."

त्यानं खिडकीतून एकदा गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "करतो."

आणि केलंही. मॅट काळा रंग, कुठे ओघळ नाही की ठिपका नाही. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. पण दुसऱ्याच फेरीला पुन्हा पुढे बसलेल्या आई नखानं डॅशबोर्डवरची पट्टी खरवडायला लागल्या आणि अंगठ्याएवढा पापुद्रा निघून आला. त्या एवढ्याशा भोकातून एक डोळा त्यांच्याकडे बघत होता. त्या ओरडल्या नाहीत, तोंड उघडं राहिलं आणि आवाजच फुटेना. गाडीतच त्यांचे कपडे ओले झाले. मी त्यांना पोटाशी धरलं.

घरी येऊन मी फिनिशशेठला धारेवर धरलं. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली आहेत, एवढं मलाही कळतं. क्रोम असतं गुळगुळीत. आधी ओला पॉलिश पेपर मारून त्याची चमक मारावी लागते, तरच रंग पकड घेतो. "पेपर मारलाच नव्हतास ना?"

"एकदा मारला की ती चमक परत येत नाही गं," तो खाली बघून म्हणाला. "नुसता रंग असला तर पुढे कधीतरी काढता येईल म्हणून..."

"पुढे म्हणजे कधी?"

तो नखांत अडकलेला रंग काढायला लागला. पुढे म्हणजे कधी, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि तो विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला याचीच मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, माझ्याही आला होता.

सुट्टीच्या सकाळी त्यानं थिनरनं सगळा रंग पुसून काढला. क्रोम पुन्हा लखलखायला लागलं. बादली, पेपर घेऊन बंपरसमोर बसला आणि बसूनच राहिला. मी चहा द्यायला बाहेर गेले, आणि कडी लावायची राहिली. मागे वळून बघते तो आई अंगणात! बंपरच्या थेट समोर.

हाक मारावी तर दचकून रस्त्यावर पळतील. आई बंपरमधल्या बाईकडे बघत उभ्या. मग हळूच खाली बसल्या, मुलाच्या हातातला पेपर घेतला आणि तोंड पुढे करून 'हाऽ' केलं.

वाफेत चेहरा पुसट झाला. आई घासायला लागल्या. इतक्या वर्षांच्या सरावाचा हात, गोल गोल, न थांबता. कर्र कर्र आवाज येत होता आणि क्रोम आंधळं होत चाललं होतं. आधी हनुवटी गेली, मग गाल, मग डोळे.

"चमकली का रे?" त्यांनी विचारलं.

"चमकली, आई," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

उरलेल्या सगळ्या क्रोमवर त्यानंच पेपर मारला आणि पुन्हा काळा रंग दिला, या वेळी तो बसला. नखानं खरवडून बघितलं, निघेना. पहिल्या फेरीला मी जीव मुठीत धरून मागे बसले, हात त्यांच्या खांद्यावर. आईंनी पट्टीकडे बघितलं. काही दिसलं नाही. निमूट जेवल्या. परत येताना सिग्नलला त्या माझ्याकडे वळल्या.

"अगं, ती बाई कुठे गेली?"

"गेली, आई. आता नाही यायची. घाबरू नका."

"तिला घर सापडत नव्हतं गं. दिसली की विचारायची, माझं घर कुठाय? मी काय सांगणार कपाळ? मला ठाऊक आहे का? म्हणून तर पळायचे तिच्यापासून."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. फिनिशशेठला गिअर सापडेना.

"तिला घरी सोडलं आम्ही," तोंडाला आलं ते मी बोलून गेले.

"बरं केलंत. म्हातारं माणूस, कुठे फिरणार?"

मग त्या खिडकीबाहेरची घरं बघत राहिल्या. एकाएकी त्यांनी खांद्यावरचा माझा हात घट्ट धरला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

"आणि मला?" त्या म्हणाल्या. "मला कोण सोडणार?"

गाडी तेव्हा आमच्याच दारात येऊन थांबली होती.