शिडातला सदरा

मेसिया जन्माची डावखुरी होती. ती तशी नसती तर पुष्कळ सुखात जगली असती, असं मला अजून वाटतं.

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या लागुश गावात गरीब बायकांना दोनच कामं मिळतात. सार्डिन मिठात घालून पिंपं भरायची, नाहीतर जहाजांची शिडं शिवायची. मासळीचा वास मेल्यावरच जातो म्हणून आम्ही दोघी शिडांवर बसलो. बंदराला लागून एक लांबट पडवी होती, तिथे अंथरलेल्या कापडावर गुडघे मुडपून दिवसभर टाके घालायचे. तळहाताला चामड्याची पट्टी आणि बोटांत ही जाडजूड सुई. सगळ्यांचे टाके एका अंगाला कलायचे, मेसियाचे दुसऱ्या. मुकादम ओरडायचा, "ए डावरे, तुझं शिवण बघून वारा उलटा फिरेल!" ती मान वर न करता म्हणायची, "मग तुम्ही सरका बाजूला, तोंडावर येईल."

तेव्हा ती अशी होती. फटकळ, हसरी, आणि ब्राझवर जीव टाकणारी.

ब्राझ तिचा नवरा. कोळ्याचा पोर, दोघं एकाच गल्लीत वाढलेली, त्यामुळे लग्नानंतरही अरेतुरे सुटलं नाही. त्याच्या बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. जमीन नजरेआड होऊ द्यायची नाही. "जमीन सुटली की देव सुटला," असं म्हातारा म्हणायचा, आणि ब्राझने ते गळ्यातल्या क्रुसासारखं जपलं होतं.

मग असा माणूस आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली गिनीला जाणाऱ्या जहाजावर गेला कशाला? हल्ली लिस्बनहून शिकलेली माणसं येतात, तीही हेच विचारतात, फक्त मोठ्या शब्दांत. एवढी राज्यं पृथ्वीवर असताना अनोळखी समुद्रात पहिलं पाऊल आपल्याच लोकांनी का टाकलं? पाद्रीबाबा सांगतात, देवाने निवडलं. व्यापारी सांगतात, सोनं आणि मिरी उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान मुरांच्या आणि व्हेनिसवाल्यांच्या मुठीत होती, ती मूठ मागच्या दाराने सोडवायची होती. सरदार सांगतात, राजाची कीर्ती. मला विचाराल तर आमच्या पाठीमागे वैरी कॅस्टिलचं राज्य आणि पुढ्यात पाणी, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. आड ओळखीचा होता, म्हणून विहिरीत उडी मारली. मुरांकडे आमच्याहून शहाणे लोक होते. पण त्यांचं सोनं उंटावर बसून घरी यायचं. ज्याची चूल पेटलेली आहे तो शेजारी विस्तव मागायला कशाला जाईल? आमचं तिरकं शीड मुरांकडून आलं, सुकाणूची तऱ्हा उत्तरेकडून आली, नकाशे ज्यूंनी काढले, पैसा जिनोव्हाच्या सावकारांचा. मरायला तेवढी माणसं आमची.

ब्राझचं कारण याहून लहान होतं. त्या साली ट्यूना मासा किनाऱ्याला आलाच नाही आणि मुरांच्या बंदरातून येणारा गहू अडला. मेसिया भाकरीत चेस्टनटचं पीठ घालायची, मग नुसतं चेस्टनटच उरलं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "एकच फेरी करतो. परत आलो की स्वतःची होडी."

"आणि जमीन सुटली तर?" ती म्हणाली.

"सुटत नाही गं. किनाऱ्याकिनाऱ्यानेच जातात खाली."

खरं होतं ते. जाताना किनाऱ्यानेच जातात. येतानाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मेसियाने शिडाच्या उरलेल्या जाड कापडाचा सदरा शिवला, तिच्या उलट्या टाक्यांचा, आणि तो घालून तो गेला.

गेलेलं जहाज दक्षिणेला दिसेनासं होतं, म्हणून नुकतंच लग्न झालेली पोर दक्षिणेच्या तटावर जाऊन बसते. जुन्या बायका तिला हसतात, कारण जहाजं तिकडून येतच नाहीत. खाली नेणारा वारा वर आणत नाही. घरी यायचं तर घराकडे पाठ करून पश्चिमेला भर समुद्रात शिरावं लागतं, जमीन नाही, पक्षी नाही, आणि खूप आत गेल्यावर कुठेतरी वारा वळतो आणि घराकडे ढकलतो. सगळी विद्या ती एवढीच. जायला तर कुणीही जातो हो, आमच्या लोकांना परत कसं यायचं ते कळलं. मेसियालाही मी पश्चिमेच्या टोकावर नेऊन बसवलं. म्हटलं, "बघायचं तर इथून बघ बाई."

जहाज आलं. ब्राझ उतरला नाही. मेसियाने विचारलं तर उतरलेल्यांनी खांदे उडवले आणि दारूच्या गुत्त्यात शिरले.

त्यांच्या मागून गिनीहून विकायला आणलेली, बांधलेली माणसं उतरली, नेहमीप्रमाणे. आमच्या गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही. चौकात त्यांचे वाटे घालतात आणि आम्ही पडवीत शिडं शिवत बसतो. तेवढ्यापुरतं कुणी मान वर करत नाही, मीही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जहाजाचं शीड दुरुस्तीला आमच्याकडे आलं. फाटून लक्तरं झालेलं, ठिगळावर ठिगळ. मेसिया एका टोकाला, मी दुसऱ्या. अचानक तिचा हात थांबला. मी गेले, बघितलं. शिडाच्या पोटात एक ठिगळ होतं, आणि त्यावर मधोमध एक शिवण होती, उलट्या अंगाला कललेली.

आता हे आमच्या पडवीतल्या बाईलाच कळेल. जहाजावर माणूस मेला की त्याचे कपडे डोलकाठीपाशी लिलावात काढतात, आणि कुणी घेतलं नाही ते शिडाला लागतं. जिवंत माणसाचा सदरा शिडाला लागत नाही. माझ्या धाकट्या दिराची बातमी मला अशीच एका बाहीवरून कळली होती. त्यामुळे मी तिला खोटी आशा दिली नाही. म्हणाले, "उसवून घे. तुझा आहे तो."

तिने तो उसवला आणि शीड पुन्हा शिवून दिलं. आधी मजुरी पूर्ण केली, मग रडली.

पण पाद्रीबाबांना सदरा चालेना. "बाई, कापडाला साक्ष देता येत नाही. त्याला मेलेला पाहिलेले दोन जण आण. तोवर तू विधवा नाहीस." जहाजावरची माणसं तोवर दुसऱ्या जहाजांवर पांगली होती. मृतांची घंटा नाही, प्रार्थना नाही, काळी ओढणीसुद्धा चोरून. अशा बायकांनी आमची अर्धी गल्ली भरली आहे. ना सवाष्ण, ना विधवा.

अशी काही वर्षं गेली. मेंदो नावाचा पिंपं बनवणारा विधुर होता, वयाने मोठा, अबोल. तो तिच्या दारात सरपणाच्या ढलप्या ठेवून जायचा, एक शब्द न बोलता. मीच शेवटी म्हणाले, "अगं, तो ढलप्या ठेवतोय की वेदीवर फुलं?" ती खूप दिवसांनी हसली. तिला घर हवं होतं, मूल हवं होतं. त्यासाठी तिला नवरा मेलेला हवा होता. हे तिने माझ्याजवळ अशाच शब्दांत बोलून दाखवलं आणि मग स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

ब्राझच्या जहाजावरचा फर्नांव नावाचा खलाशी तेव्हा गावात परतला होता. मेंदो त्याच्याकडे साक्ष मागायला गेला. फर्नांवने आणि त्याच्या एका सोबत्याने वेदीपुढे शपथ घेतली की ब्राझ मेला. घंटा वाजली. मेसिया काळ्या कपड्यांत नीट, उजळ माथ्याने चालली, आणि वर्ष सरल्यावर मेंदोची बायको झाली. त्याला ती अहो म्हणायची. मुलगी झाली. मेंदोने तिच्यासाठी अर्ध्या पिंपाचा पाळणा केला.

पाळण्यातली पोर उभी राहायला लागली होती, तेव्हा फर्नांव पडवीत आला. पुन्हा निघाला होता गिनीला. टोपी हातात धरून नुसता उभा.

"काय रे, शीड हवंय की आशीर्वाद?" मी म्हणाले.

"मेसियाताईशी बोलायचंय. हे ओझं मनात घेऊन पाण्यावर जाववत नाही मला."

मेसिया माझा हात धरून म्हणाली, "गियोमारसमोर बोल."

तो खाली बघत बोलला. "तिथे मोठ्या नदीच्या तोंडाशी पाणी भरायला थांबलो होतो. कप्तानाने सांगितलं, आता पश्चिमेला. ब्राझदादा म्हणाला, घर उत्तरेला आणि हा वेडा आपल्याला कुठे नेतोय? आम्ही समजावलं गं. म्हटलं, बाबा, रस्ताच तो आहे. तो म्हणाला, जमीन सुटली की देव सुटला, तुम्ही सगळे मरणार. तो पाण्याच्या होडीतून उतरला तो परत चढला नाही."

"आणि सदरा?" मेसियाचा आवाज अगदी साधा होता.

"अंगातला काढून दिला मला. म्हणाला, चुकून पोचलास तर हा तिला दे. तिचीच शिवण आहे, तिला पटेल. म्हणावं, मी किनाऱ्याकिनाऱ्याने चालत येतोय. वेळ लागेल. वाट बघ."

पडवीत बाकीच्या बायका बोलत होत्या. मेसियाने सुई कापडात खोचून ठेवली.

"मग वादळात शीड फाटलं," फर्नांव म्हणाला. "होतं नव्हतं ते सगळं कापड लावलं. शेवटी तोही लावला. तोच लागला म्हणून पोचलो असंही म्हण. पण मागे राहिलेला माणूस मेलाच की, ताई! कुणी आलाय का तिथून चालत? मी शपथ खोटी नाही घेतली."

"वाट बघ, असं म्हणाला?"

"हो."

मेसियाने सुई उचलली आणि शिवायला लागली. माझ्या तोंडून शिवी निघाली. ब्राझला, फर्नांवला, कप्तानाला की पाद्रीला, मलाच ठाऊक नाही. घाबरून मागे थांबला नव्हता तो मूर्ख. घरी यायचं म्हणूनच मागे राहिला. आणि आमच्या शहाणपणाने त्याचा निरोप उलटा वाचला. तो सांगत होता मी जिवंत आहे, आणि आम्ही त्याची घंटा वाजवली.

तिने मेंदोला सांगितलं नाही. पहिला नवरा जिवंत तर दुसरं लग्न खोटं, आणि पाळण्यातली पोर पापाची ठरली असती. एकदा मात्र ती एका सावकाराच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे त्या मोठ्या नदीकडची एक बाई होती, पकडून आणलेली, आमची भाषा शिकलेली. मेसियाने विचारलं, तुमच्याकडे एक गोरा माणूस चालत जाताना कुणी पाहिला का? ती बाई भांडी घासत म्हणाली, "माझी दोन मुलं तिथे राहिली. ती कुणी पाहिली का, ते तू आधी सांग." मेसिया घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

किनाऱ्याने येणारा माणूस मुरांच्या हाती लागणारच, आणि लागला तर कधी ना कधी पाद्री त्याला पैसे देऊन सोडवून आणतात. असे सोडवलेले लोक आमच्याकडे येतात तेव्हा मिरवणूक निघते. वाढलेल्या दाढ्या, अनवाणी पाय, हातात मेणबत्त्या. मेसिया प्रत्येक मिरवणुकीला जायची. पूर्वी जहाज आलं की ती पळत जायची, आता पाय ओढत जायची. प्रत्येक चेहरा बघायची, एकही सोडायची नाही. मी तिचा हात धरून उभी असायचे.

शेवटच्या मिरवणुकीच्या वेळी ती आजारी होती, तिला चालवत नव्हतं. मेंदोने तिला ढकलगाडीतून आणलं. बिचाऱ्याला वाटायचं, बायको किती धार्मिक आहे. शेवटचा दाढीवाला चर्चच्या दारातून आत गेला. तो ब्राझ नव्हता. मेसियाने डोळे मिटून छातीवर क्रूस केला, लांब श्वास सोडला, आणि मग गदागदा रडायला लागली.

मेंदो पाणी आणायला गेला तेवढ्यात तिने मला जवळ ओढलं.

"गियोमार, आत्ता मी देवाचे आभार मानले," ती म्हणाली. "तो आला नाही म्हणून."