पांढऱ्या चादरीवरचा चेहरा

गल्लीत त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणत. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या प्रत्येकाला "हनुवटी खाली, अजून थोडी, बास" असं सांगण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. स्टुडिओ म्हणजे जेमतेम एक खोली: स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे. दिवे जागचे हलत नसत आणि काकाही. आपला एक नियम मात्र ते कोणी न विचारता ऐकवत: फोटो जरा काळपटच काढावा, म्हणजे पांढरा भाग जळून सपाट होत नाही, चेहरा काय, नंतर कॉम्प्युटरवर उजळता येतो. भरपूर उजेडात तो नियम कधी अंगाशी आला नव्हता, त्यामुळे माणूस हट्टी झाला होता.

त्या सकाळी त्यांची लेक हॉस्पिटलात पडून होती. सातव्या महिन्यातच ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं. रक्त इतकं गेलं होतं की तिला उठून बसायलाही बंदी होती. जावई परदेशी कामावर, पोचायला अजून दीड दिवस. बाळ खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "आजचा दिवस काढेल असं वाटत नाही." पण लेकीपाशी येऊन ते म्हणाले, "छान आहे गं. झोपलाय."

"बाबा, मी अजून त्याचं तोंडही पाहिलं नाही. सिस्टरच्या मोबाइलमध्ये नुसती काच चमकतेय. तुम्ही काढा ना, तुमच्या कॅमेऱ्याने."

खालच्या सिस्टरने दोन मिनिटं दिली. फ्लॅश बंद. खोलीत उजेड कमी, म्हणून काकांनी आयएसओ वर नेला, चौसष्टशेपर्यंत; कॅमेऱ्याचे डोळे ताणले म्हणा ना. लेन्स काचेला टेकवली. पेटीभर पांढरीशुभ्र चादर आणि तिच्यात मुठीएवढा चेहरा. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चेहरा आणि चादर यातलं काय कळणार? त्याने चादर पाहिली, उजेड फार आहे असं ठरवलं आणि फोटो काळोखा काढला. काकांना ते दिसलं. पण शटर झटकन पडतंय, म्हणजे फोटो हलणार नाही, हे त्यांना बरंच वाटलं. नंतर उजळू, ते मनात म्हणाले. नियमच होता तो.

स्टुडिओत येऊन त्यांनी चेहरा उजळला आणि तो विस्कटला. गालावर लाल-हिरवे ठिपके, डोळ्यांच्या जागी नुसती वाळू. ताणलेल्या आयएसओवर आधीच नॉईज, म्हणजे असले ठिपके, त्यात अंधारात राहिलेला चेहरा ओढून वर काढला. त्याच्याबरोबर सगळा कचराही वर आला. ठिपके पुसायचं बटण दाबलं तर गाल मेणाचे झाले. गुलाबी, गुळगुळीत, बाहुलीसारखे. काकांनी ती प्रिंट काढली, खिशात घातली आणि टेबलावर डोकं टेकून रडले. नातवाचा एकच फोटो, तोही त्यांनी अक्कल पाजळून घालवला होता.

मग ते धावत परत आले. "सिस्टर, अजून दोन मिनिटं. पाया पडतो."

"काका, मघाशीच झालं ना?"

"चुकलं माझं," काका म्हणाले. असं याआधी कधी म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

या वेळी त्यांनी मीटरचा ठिपका नेमका बाळाच्या गालावर ठेवला. चादर जाईना का जळून. आता शटर चौपट वेळ उघडं राहणार होतं. त्यांनी कोपरं बरगड्यांशी दाबली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. चादर पांढरी फटक, तिच्यात घडी नाही की सुरकुती नाही. चेहरा मात्र आला. पापण्या, नाकातली नळी, कपाळावरची आठी. आणि ओठ. ओठ निळे होते.

जिन्यात काकांचे पाय थांबले. गळ्यात कॅमेरा, खिशात प्रिंट. प्रिंटमधलं बाळ खरोखरच झोपल्यासारखं दिसत होतं. तेच दाखवलं तर लेक आजची रात्र तरी सुखाने काढेल, उद्याचं उद्या. दोनदा त्यांचा हात खिशाकडे गेला. खोलीत शिरले तेव्हा लेकीने हात पुढे केला, आणि त्यांनी कॅमेराच तिच्या हातात दिला.

ती बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, हा झोपलेला नाही ना?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"मला खाली न्या. आत्ता."

"तुला उठायचं नाहीये गं."

"उठत नाही मी. पलंगाला चाकं आहेत."

डॉक्टर नाही म्हणाले, मग लेकीकडे पाहून हो म्हणाले. पलंग लिफ्टमध्ये कसाबसा मावला. पेटीच्या गोल झरोक्यातून तिने बोट आत घातलं आणि बाळाने ते धरलं. दोन मिनिटं कुणीच मोजली नाहीत. दुपारी चारपर्यंत बोट तसंच होतं. चार वाजता सिस्टरने पेटीजवळचं यंत्र बंद केलं आणि ते हळूच सोडवलं.

परतताना काकांच्या खिशातून ती प्रिंट पलंगावर पडली. लेकीने उचलून पाहिली, गुलाबी गालांवरून अंगठा फिरवला.

"हा दाखवला असता," ती म्हणाली, "तर मी वर पडून राहिले असते, बाबा."