काकीनं काढलेली पाच अक्षरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलासुद्धा नाही. नव्वदीला टेकलोय, आता राहवत नाही.

पन्नासच्या दशकात मी पुण्याला हौसेखातर विमान शिकत होतो. वडिलांची चिंचवडला लाकडाची वखार, मूळ गाव महाळुंगे. एकट्यानं उडायची परवानगी नुकती मिळाली होती, परवाना दोन-चार महिन्यांवर आला होता. आणि गावाला दाखवायची खाज—दुसरं काय म्हणू?

ठरलेली वाट सोडून मी महाळुंग्यावर गेलो. विमान इतकं खाली आणलं की बाभळीचे शेंडे चाकांना लागतील. सोपानकाका, माझे चुलते, बैलगाडी घेऊन बांधाकडेनं चालले होते. बैल उधळले. गाडी उलटली—ते मी वळून पाहिलं. पाहिलं, आणि निघून गेलो.

काकांचा पाय मांडीत मोडला. ते पुन्हा सरळ चालले नाहीत. पण कबुली एवढीच असती तर—

आठवड्यानं भेटायला गेलो. विमानात घातलेल्या कातडी टोपी आणि चष्म्यामुळे त्या दिवशी मला कुणी ओळखलं नव्हतं. पोलीस पाटील तक्रार लिहून घ्यायला बसले होते. काकी कधी शाळेत गेली नव्हती; पण रोज अंगणात रांगोळी काढणारा हात तिचा. शेतातून विमानाच्या पंखाखाली पाहिलेली इंग्रजी अक्षरं—ज्यांवरून विमान कुठलं ते कळतं—तिनं कोळशानं भिंतीवर काढून ठेवली होती.

"तू इमान शिकतोस न्हवं? वाच की," पाटील म्हणाले.

पाचही अक्षरं बरोबर होती. मधली छोटी आडवी रेघसुद्धा. ते विमान मी स्वतः फडक्यानं पुसायचो—मला ती वाचावी लागणार होती का? पण वाचली असती, तर परवाना गेलाच होता.

"काकी, ही अक्षरंच नाहीत गं," मी म्हणालो. "नुसत्या रेघोट्या आहेत."

"न्हाई रं, आसंच व्हतं. येक रेघ चुकली न्हाई माजी."

"घ्या! काकीनं भिताडावर रांगोळी काढली राव," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. मला हसायची काय गरज होती? पाटलांनी कागद घडी करून खिशात घातला.

मला परवाना मिळाला. काकीला नाव मिळालं—'इंग्रजीवाली'. ती काही ठाम सांगायला लागली की लोक म्हणत, "ऐका, इंग्रजीवाली बोलतीया!" हळूहळू ती चारचौघांत बोलायचीच थांबली.

काका-काकी केव्हाच गेले. घरात ती गोष्ट अजून गंमत म्हणून सांगतात.

काकी खरं बोलत होती. विमान माझ्या हातात होतं. हे लिहिलेला हा कागद उद्या तिच्या नातवाला देणार आहे. पुढचं तो बघेल. मला हलकं वाटतंय—लाज वाटावी इतकं हलकं. तेही लपवत नाही.