कुंभारीतला पहिला घसा

सोलापूरजवळच्या कुंभारीत कामगारांच्या घरांपाशी नाजनीनची गाडी थांबली, तेव्हा दारं उघडली नाहीत. खिडक्या उघडल्या.

गाडी मूळची तिच्या वडिलांची, इमामसाबची. वीस वर्षं तिच्यातून चादरींचे गठ्ठे गेले. आता आत एक खुर्ची होती, एक पडदा होता आणि टोकाला कॅमेरा असलेली एक बारीक नळी, नाकातून घशापर्यंत जाणारी. नाजनीन बोलण्याच्या आणि गिळण्याच्या विकारांवर उपचार करते. सहा वर्षं तिनं सोलापुरात एका दवाखान्यात नोकरी केली. ज्यांना गिळता येत नाही, ते तिथपर्यंत पोचतच नसत. शेवटी नोकरी सोडून तपासणीच घेऊन ती निघाली. पहिला रुग्ण मल्लिनाथ.

त्यांना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. मग दोनदा छाती भरून ताप आला. डॉक्टर म्हणाले, गिळलेलं श्वासनळीत जातंय, तपासून घ्या. घरच्यांनी त्यातून एवढंच घेतलं, की जेवणात काहीतरी आहे. जेवण करत होती सून, सिद्धेश्वरी. अर्धांगवायू झाल्यापासून माढ्याहून येऊन राहिलेल्या लेकीनं, वच्छलानं, निकाल लावून टाकला. रविवारी सिद्धेश्वरीचा भाऊ अक्कलकोटहून येऊन तिला घेऊन जाणार होता. थोडे दिवस, असं तिचा नवरा इंद्रजीत म्हणाला होता. किती थोडे, ते तिनं विचारलं नव्हतं.

मल्लिनाथांना खुर्चीत बसवलं. वच्छला गाडीच्या दारात पदर खोचून उभी राहिली.

"ही नळी आत काय सोडती?"

"काही नाही, ताई. नुसती बघते."

"बघायला नाकातनं कशाला? तोंड हाय की एवडं."

"तोंडातनं घातली, तर ते गिळणार कसं?"

नाजनीननं पेजेत, भातात आणि पाण्यात खाण्याचा हिरवा रंग कालवला. वच्छलानं आधी वाटीकडं पाहिलं, मग इमामसाबकडं.

"हिरवाच व्हय?"

"घसा आतनं लाल असतो, भैन," इमामसाब स्टेअरिंगवरून म्हणाला. "केशरी टाकला तर दिसायचं न्हाय."

वच्छला हसली नाही.

पडद्यावर मल्लिनाथांचा घसा दिसत होता, ओला, हलणारा. पातळ पेज नीट गेली. घट्ट पेज गेली. मऊ भात गेला. चमच्यानं पाणी, तेही गेलं. श्वासनळीत हिरवा ठिपकासुद्धा नव्हता. नाजनीनला बरं वाटायला हवं होतं. तिच्या मनात भलतंच आलं. इथं सगळं नीट आहे, तर घरी ही बाई करते काय? तिनं सिद्धेश्वरीला घरातलं पातेलं आणायला सांगितलं आणि झाकण काढून वास घेतला.

"घ्या," सिद्धेश्वरी म्हणाली. "सगळ्यांनी घेतला. तुमीबी घ्या."

नाजनीननं झाकण ठेवलं. थोडा वेळ तिला वर बघता आलं नाही.

"घरी देता तसंच आता इथं द्या," ती म्हणाली. "तुमच्या पद्धतीनं."

सिद्धेश्वरीनं पातेल्यातली पेज रंग कालवून भरवली. श्वासनळी स्वच्छ.

"आणि पाणी?"

"पानी मी देत न्हाय. वन्सं देतात."

"देनारच की!" वच्छला आत आली. "ही चमच्यानं पाजायची. कुत्र्यालाबी ताटली भरून ठेवत्यात. आप्पांनी जन्मात भांड्याला ओठ लावला न्हाय, उष्टं व्हतंय म्हनून."

"एकच घोट द्या," नाजनीन म्हणाली.

वच्छलानं वडिलांच्या हनुवटीखाली हात घातला, मान मागं केली आणि मायेनं, वीतभर उंचीवरून, धार सोडली. गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आतच हिरवं पाणी सरळ श्वासनळीत उतरलं.

"थांबा!"

"का? ठसकाबी लागला न्हाय."

"लागायला हवा होता. झटक्यानंतर त्यांना आतलं कळत नाही. मान वर केली की श्वासाची वाट उघडी पडते. पाणी छातीत जातं, ताप त्याचाच."

तिनं मल्लिनाथांची मान पुढं आणून त्यांना जोरानं खोकायला लावलं. पाण्यावर या घरात कुणी संशय घेतला नव्हता. त्याच माठातलं सगळे पीत होते.

दुपारी पाळी संपवून इंद्रजीत आला. त्यानं चित्रण पाहिलं. त्यात घसा होता, धार होती. हात नव्हता.

"कुनी पाजलं?"

वच्छला बाहेर बघत राहिली. मान वर केल्यामुळं झालं, एवढंच सांगून नाजनीनला सुटता आलं असतं. वच्छला बिथरली, तर खिडक्याही बंद होतील हे तिला कळत होतं. सिद्धेश्वरी मात्र जमिनीकडं बघत उभी होती, पुढं काय होणार ते आधीच ठाऊक असल्यासारखी.

"पाणी वच्छलाताई पाजत होत्या," नाजनीन म्हणाली. "असं देऊ नये हे त्यांना माहीत नव्हतं."

"मी मारीन व्हय माज्या बापाला?"

"नाही. आणि यांनीही काही केलेलं नाही."

"मशिन हिचं, बोलनारीबी हीच," वच्छला म्हणाली आणि खाली उतरून समोरच्या घराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून कुजबुज ऐकू येऊ लागली.

इंद्रजीतनं घसा खाकरला. "तुज्या भावाला फोन करतो. येऊ नको म्हनतो."

"तुमचा फोन नको," सिद्धेश्वरी म्हणाली. मग नाजनीनकडं वळली. "मला कागद द्या."

अहवाल डॉक्टरांसाठी इंग्रजीत होता. नाजनीननं खाली मराठीत लिहिलं, घरात शिजवलेल्या जेवणामुळं त्रास झालेला नाही. सही केली, शिक्का मारला.

सिद्धेश्वरीनं एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं.

"कुनी शिजवलेल्या?"

नाजनीननं ओळीच्या वर तिचं नाव घातलं.

सिद्धेश्वरीनं कागदाचा फोटो काढून भावाला पाठवला. त्यानं तो पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटेपर्यंत ती गाडीतून उतरली नाही.