षटकोनांवर इस्त्री

आमच्या मलकापूरच्या घरात सुरकुतीला परवानगी नाही. माझे सासरे, म्हणजे आबा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पण त्यांची इस्त्री अजून ड्युटीवर आहे. रुमाल, उशीचे अभ्रे, एकदा तर पायपुसणं!

अशा घरात मला छंद लागला तो कागदाला घड्या घालायचा. होड्या नव्हेत हं! (होडी काय, आमच्या ह्यांनासुद्धा येते.) एकच मोठा कागद, कात्री नाही, डिंक नाही. नुसत्या घड्यांतून एकाला एक चिकटलेले षटकोन उठवायचे. दहावीला भूमितीत मी काठावर सुटले होते, म्हणून तर जास्तच ईर्ष्या!

"रद्दी वाढवतीस व्हय?" असं ह्यांनी विचारलं, त्याच दिवशी मी सांगलीच्या हस्तकला प्रदर्शनात नाव नोंदवलं. तीन आठवडे मान मोडून षटकोन उठवले. प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी आंघोळ करून येते, तर टेबल रिकामं!

"आवं आबा, हितला कागद कुटं गेला?"

"त्यो व्हय? लय चुरगाळला हुता गं. चारचौघांत असा नेत्यात का? दिला कडक करून!"

पाणी शिंपडून, दाबून इस्त्री केलेला सपाट कागद. वर मधोमध, परेडच्या पँटीला असते तशी धारदार क्रीज! मला रडूच फुटलं. आबांचा चेहरा पडला.

"चुकलं का गं पोरी?"

"ऱ्हाऊ दे आता," हे म्हणाले. "येत न्हाई म्हणून फोन कर."

"का म्हणून? जानार म्हंजे जानार! आन् आज सैपाक तुमी करा!"

दिवसभर मी जुन्या खुणांवरून षटकोन परत उठवले. आबा कडा धरून बसले. सगळं जमलं, पण मधली क्रीज काही केल्या जाईना. (दुपारचं पिठलंही घशाखाली जाईना, पण ते असो.)

सांगलीत परीक्षक बाई माझ्यापुढेच थबकल्या.

"ही मधली रेघ! सगळ्या नक्षीला शिस्त लावलीय हिनं. कशी सुचली?"

मी मान ताठ करून म्हणाले, "फार विचार करावा लागला."

"कसला इचार?" मागून आबांचा परेडचा आवाज. "रोज पँटीला घालतो तीच हाय की!"

सगळं दालन हसलं, आणि बक्षीसही मिळालं. कुणी काहीही म्हणो, मी अजून घड्या घालते. फक्त शेवटची घडी आबा घालतात, आणि लोक तेवढीच बघायला येतात!